'विल', 'शॅल' आणि आपलं 'येतो'

परदेशात नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सेसना मी काही वर्षं इंग्रजी संभाषण शिकवलं. त्यांच्या परीक्षेत एक भाग असा असतो, की समोरचा माणूस रुग्ण किंवा रुग्णाचा नातेवाईक होतो आणि उमेदवारानं त्याच्याशी पाचेक मिनिटं बोलायचं. वर्गात सरावासाठी रुग्ण अर्थातच मी. एकदा मी कण्हत कण्हत म्हटलं, की सिस्टर, पाठीत फार दुखतंय. समोरची मुलगी सोलापूरकडची, वॉर्डात सहा वर्षं काढलेली. ती शांतपणे म्हणाली, 'आय ॲम गोइंग टू कॉल द डॉक्टर.'

वाक्यात चूक काढण्याजोगं काही नव्हतं. मी वहीत बरोबरची खूण केली. पण रुग्णाच्या खुर्चीत बसून ऐकताना काहीतरी खटकलं होतं. म्हणून तिला विचारलं, "वॉर्डात, मराठीत, काय म्हणाली असतीस?"

"बोलावते हं डॉक्टरांना."

"'बोलावणार आहे' नाही?"

ती हसली. "तसं कसं म्हणणार सर? पेशंटला वाटेल, हिचं आधीच ठरलेलं होतं, मग इतका वेळ करत काय होती!"

मी तोवर जितकी इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं शिकवली होती, त्यांतल्या भविष्यकाळाच्या प्रकरणांपेक्षा या एका वाक्यात जास्त व्याकरण होतं. दुखतंय हे ऐकून त्या क्षणी घेतलेला निर्णय आणि आधीच घेतलेला निर्णय यांत फरक असतो, तो क्रियापदाच्या रूपात दिसतो, आणि ऐकणाऱ्याला तो लागतो, हे तिला पक्कं माहीत होतं. फक्त मराठीत. इंग्रजीत शिरताना ती हे शहाणपण दाराबाहेर ठेवून आली होती, आणि ते बाहेर ठेवायला तिला शिकवणाऱ्यांत मीही होतो. आपण इंग्रजी भविष्यकाळ ज्या पद्धतीनं शिकवतो, ती पद्धत तपासावी असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

तक्त्यातला भविष्यकाळ

ही पद्धत म्हणजे बारा खणांचा तक्ता. आडवे तीन काळ, उभे चार प्रकार : साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण. भविष्याच्या चारही खणांत 'विल' किंवा 'शॅल' बसलेलं आणि समोर मराठी अर्थ : मी जाईन, मी जात असेन, मी गेलेलो असेन. तक्ता देखणा आहे, फळ्यावर मावतो, परीक्षेत गुण देतो. त्यातून मुलाच्या डोक्यात दोन गोष्टी घट्ट बसतात. एक, इंग्रजीत भविष्यकाळ म्हणजे 'विल'. दोन, 'विल' म्हणजे आपलं 'ईन' आणि 'ईल'.

दोन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्याच खऱ्या आहेत. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचं रूप आहे, वर्तमानाचं आहे. भविष्याचं स्वतंत्र रूप नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणानं तर इंग्रजीला भविष्यकाळच नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. 'विल' हा शब्द त्यांच्या मते 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्या पंक्तीतला. म्हणजे काळ सांगणारा नव्हे, बोलणाऱ्याचा पवित्रा सांगणारा.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या इंग्रजीत उद्याची गोष्ट बहुधा वर्तमानकाळातच सांगत. 'विल'चा मूळ अर्थ इच्छा असणे आणि 'शॅल'चा मूळ अर्थ देणं लागणे. इच्छेचा तो अर्थ आपल्या बोलण्यातही जिवंत आहे : आजोबांनी 'विल' केलं म्हणतो तेव्हा आपण त्यांची अखेरची इच्छाच सांगत असतो. 'शॅल'मधलं देणं 'शुड'मध्ये शिल्लक आहे. आणि 'गोइंग टू' म्हणजे खरोखरच कुठंतरी जायला निघणं होतं. काही करायला निघालेला माणूस ते करण्याचं ठरवूनच निघालेला असतो, त्यातून पुढं नुसता बेत उरला, चालणं गळून पडलं. इच्छा, देणं, वाटचाल. तीन वेगवेगळ्या जागांवरून उद्याकडे पाहणारे हे तीन शब्द. तक्त्यानं त्यांतल्या दोघांना एकाच खणात कोंबलं आणि तिसऱ्याला तळटीप केली.

नियम कुठून आला

माझ्या पिढीला त्या खणातही एक सापळा होता. 'आय' आणि 'वुई'पुढे 'शॅल', बाकीच्यांपुढे 'विल'. निर्धार किंवा आज्ञा सांगायची असेल तर नेमकं उलट. हा नियम मांडणाऱ्यांत ठळक नाव जॉन वॉलिस यांचं. ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक, अनंतासाठी आडव्या आठाचं चिन्ह रूढ करणारे गणिती. त्यांनी १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, परकीयांना समोर ठेवून. प्रथम पुरुषात 'शॅल' म्हणजे भाकीत, 'विल' म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय-तृतीय पुरुषात अदलाबदल. गणितज्ञाला शोभेल अशी ही मांडणी आहे. पुढच्या शतकातल्या व्याकरणकारांनी तिचे तक्ते केले आणि ते शाळांत गेले.

मग या नियमाची ती प्रसिद्ध गोष्ट आली. पाण्यात पडलेला परका माणूस ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' त्याला म्हणायचं असतं, मी बुडणार, मला कुणी वाचवणार नाही. काठावरचे इंग्रज ऐकतात, की याचा बुडण्याचा निर्धार आहे आणि कुणी वाचवू नये अशी आज्ञा आहे. ते सभ्यपणे बघत उभे राहतात. ही गोष्ट कधी फ्रेंच माणसाची असते, कधी स्कॉटिश, कधी आयरिश. इंग्रजाची मात्र नसते. विनोद नक्की कुणावर आहे, हे त्यावरून ठरवावं.

१९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये या विषयावर पानंच्या पानं लिहिली आणि सुरुवातीलाच कबूल केलं, की दक्षिण इंग्लंडातल्या माणसाला हे उपजत येतं, इतरांना ते शिकून येणं जवळपास अशक्य. म्हणजे ज्यांना येतं त्यांना नियमाची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांना तो लाभणार नाही. पुढं १९२५ साली अमेरिकेत चार्ल्स फ्राईज यांनी नाटकांमधले संवाद घेऊन 'शॅल' आणि 'विल' चक्क मोजले. माणसं पुस्तकातल्या नियमाप्रमाणं बोलत नाहीत, असं त्यातून दिसलं.

आणि ही गोष्ट नाटकांपुरती नाही. मार्च १९४२ मध्ये फिलिपीन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेला जनरल मॅकआर्थर 'आय शॅल रिटर्न' म्हणाला. वॉलिसच्या तक्त्याप्रमाणं ही साधी माहिती. जगानं ती प्रतिज्ञा म्हणूनच ऐकली. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचं गाणं आधी 'वुई विल ओव्हरकम' असं होतं. त्यातल्या 'विल'चं 'शॅल' झालं, याचं श्रेय पीट सीगर यांना देतात, ते स्वतः सेप्टिमा क्लार्क यांचंही नाव घेत. शब्द बदलल्यावर निर्धार कमी झाला असं कुणाला वाटलं नाही. उलट 'शॅल'मध्ये एक जुनं, प्रार्थनेतलं वजन आलं.

आपल्याकडे हा नियम रुजवण्यात रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाचा वाटा मोठा. पर्सिव्हल रेन हे जुन्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले, कराचीच्या हायस्कुलात हेडमास्तर राहिलेले; बाहेरच्या जगात 'बो जेस्ट' या साहसकादंबरीचे लेखक म्हणून प्रसिद्ध. त्या पुस्तकावर अन्याय करू नये. त्याच्या आजच्या आवृत्तीत 'शॅल'चा नियम सैल केलेला आहे आणि 'गोइंग टू', चालू वर्तमान, साधा वर्तमान हे पर्यायही दिलेले आहेत. पण पुस्तकातलं वर्गात पोचतं ते परीक्षेच्या गाळणीतून, आणि त्या गाळणीतून तक्ता तेवढा खाली येतो. फाउलरांच्या लेखी परक्यांना न शिकवता येणारा नियम आपण कराचीपासून सोलापूरपर्यंत घोकून घेतला आणि त्यावर पोरं नापास केली.

घरात असलेलं व्याकरण

आता मराठीकडे पाहू. दारावरची बेल वाजते. आतून कुणी म्हणतं, 'दूधवाला असेल.' यात उद्या कुठं आहे? दूधवाला आत्ता दाराशी उभा आहे. 'असेल' हा अंदाज आहे. इंग्रजीत इथं 'दॅट विल बी द मिल्कमन' म्हणतात, त्याच अर्थानं, त्याच रूपानं. आपल्याकडे मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या रूपाला 'ईलाख्यात' म्हटलं आहे. ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात : ही नावं प्रत्ययावरून पडलेली आहेत, काळावरून नाहीत. रूप एक आणि त्याचे अर्थ अनेक, ही शक्यता या नावांतच मोकळी ठेवलेली आहे. शाळेत दोन तास शेजारी शेजारी असतात, मराठीचा आणि इंग्रजीचा. पण मराठीच्या तासाला शिकलेली ही गोष्ट इंग्रजीच्या तासाला कुणी वापरू देत नाही.

पुढं चला. आभाळ काळं झालं, वारा सुटला : 'पाऊस येणार.' इथं 'येईल' म्हणणारा माणूस आभाळाकडे न बघता बोलतोय. इंग्रजीतही समोर पुरावा असेल तर 'इट्स गोइंग टू रेन'. 'गाडी सहाला सुटते' : वेळापत्रकातली गोष्ट, दोन्ही भाषांत साधा वर्तमान. 'उद्या पुण्याला जातोय' : तिकीट काढलंय, समोरच्याला कळवलंय, दोन्हीकडे चालू वर्तमान. इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात आणि तक्ता शिकलेला मुलगा मात्र सगळीकडे 'विल' लावत सुटतो.

खरी गंमत फोन वाजल्यावर. 'मी घेतो!' हा त्या क्षणीचा निर्णय. 'घेईन' म्हटलं तर पुढं कधीतरी, 'घेणार आहे' म्हटलं तर फोन येणार हे आधीच ठाऊक होतं. इंग्रजीत इथं हवं 'आय्ल गेट इट'. पण आपल्या तक्त्यात 'घेतो' हा साधा वर्तमान. म्हणून मुलगा एकतर 'आय टेक' म्हणतो, किंवा ते चूक हे कळल्यावर 'गोइंग टू'कडे पळतो. माझी सोलापूरची विद्यार्थिनी नेमकी तिकडेच पळाली होती. 'विल'चा मराठी जोडीदार अनेकदा 'ईन' नसून 'तो' आणि 'ते' असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

तेच 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम'चं. ही आपल्याकडची नेहमीची चूक. 'तो येईल तेव्हा सांगेन' या वाक्याची ती सरळ नक्कल आहे. पण आपण सहसा बोलतो कसं? 'तो आला की सांगते.' म्हणजे जे अजून घडायचं आहे त्याला आपणही भविष्याचं रूप देत नाही. चक्क भूतकाळाचं देतो. इंग्रजी वर्तमानाचं देते : 'व्हेन ही कम्स'. वेळेची अट सांगताना भविष्याचं रूप टाळायचं, हा विचार दोन्हीकडे सारखा. विद्यार्थ्याच्या जिभेवरचं 'आला की' पुढं घेतलं असतं, तर नियम पाठ करावा लागला नसता.

आणखी एक बाब तक्ता दाखवूच शकत नाही. त्यात 'आय विल' असं पूर्ण लिहिलेलं असतं, म्हणून आपण ते पूर्ण उच्चारतो. बोलत्या इंग्रजीत तत्काळ निर्णयाचं 'विल' आखडून 'आय्ल' होतं. पूर्ण आणि जोर देऊन उच्चारलेलं 'आय विल' हट्टासारखं किंवा कुणीतरी शंका घेतल्यावर दिलेल्या उत्तरासारखं ऐकू येतं. आपल्या मनात नम्रता असते आणि समोरच्याच्या कानावर ठासून बोलणं पडतं.

जिथं जोडी जुळत नाही

मराठीतून सगळं सुटतं असंही नाही. आपलं 'ईल' इंग्रजी 'विल'पेक्षा मवाळ आहे. 'ही विल कम' हे विधान आहे. 'येईल' यात बरेचदा 'बघू' दडलेलं असतं. लग्नघरात 'काका येतील' आणि 'काका येणार' यांवरून पानं वेगवेगळी मांडली जातात. म्हणून भाषांतरात प्रत्येक 'विल'चं 'ईल' करणारा अनुवादक पात्रांना नकळत डळमळीत करत जातो.

राज्यघटनेच्या मराठी पाठात हे फार स्पष्ट दिसतं. इंग्रजी पाठात सगळीकडे आज्ञार्थी 'शॅल' आहे. पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे हे सांगताना मराठीत क्रियापद येतं 'असेल'. कायद्याची भाषा सरावाची असलेल्याला त्यात आज्ञा ऐकू येते. नव्या वाचकाच्या कानात मात्र 'दूधवाला असेल' वाजतं. चौदाव्या अनुच्छेदात राज्य समानता 'नाकारणार नाही' असं येतं, आणि तिथं मात्र वाक्य खणखणीत उभं राहतं. अनुवादकानं दोन ठिकाणी दोन सूर लावले असं वाटेल. पण दुसरीकडे त्याच्या हाती निवड फारशी नव्हती. मराठीत 'येईन'चा नकार 'येणार नाही' असाच होतो. आपला होकार दोन प्रकारचा आहे, मवाळ आणि ठाम. नकार ठाम तेवढाच. म्हणून घटनेतल्या मनाया मराठीत जितक्या कणखर ऐकू येतात, तितक्या तिच्या होकारार्थी तरतुदी येत नाहीत. हा दोष अनुवादकाचा नाही, पण 'शॅल' म्हणजे 'ईल' असं समीकरण पाठ असलेल्याला तो दिसणारही नाही. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या घटनेत 'शॅल' टाळून 'मस्ट' वापरला, तो अशाच संदिग्धतेला कंटाळून. आपल्याला 'मस्ट'साठी 'पाहिजे' आहे, पण घटनेच्या तोंडी तो शब्द घरगुती वाटतो. ही अडचण खरी आहे आणि तिचं तयार उत्तर माझ्याकडे नाही.

नवा तक्ता

मग गेल्या तीसचाळीस वर्षांत आलेली नवी पुस्तकं? रेमंड मर्फी यांचं १९८५ चं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' हे त्यांतलं सर्वांत वापरलं गेलेलं. त्यात 'विल' आणि 'गोइंग टू' आमनेसामने ठेवून, छोट्या प्रसंगांतून फरक दाखवलेला आहे : आधी ठरलेलं की आत्ता ठरवलेलं. ही मोठीच सुधारणा. पण वर्गात तिचाही तक्ता होतो. 'बेत असेल तर गोइंग टू, तत्काळ असेल तर विल' हे सूत्र पाठ होतं, खाली रिकाम्या जागा येतात आणि प्रत्येक जागेत एकच उत्तर बरोबर धरलं जातं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात, फक्त बोलणारा वेगळा होतो. एखादी इंग्रज नर्सही रुग्णाला 'आय ॲम गोइंग टू कॉल द डॉक्टर' म्हणेल. तेव्हा त्यात 'आता पुरे, मी ठरवलंय' असा सूर असेल. रूप चूक की बरोबर हा प्रश्नच अपुरा आहे. या रूपानं मी कोण दिसते, हा खरा प्रश्न.

चालू भविष्याचंही तसंच. तक्त्यात त्याचा अर्थ 'मी जात असेन'. पण दुकानातला माणूस 'विल यू बी पेइंग बाय कार्ड?' विचारतो तेव्हा क्रिया चालू असण्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. नुसतं 'विल यू पे' म्हटलं तर ती मागणी होते, 'देता का?' अशी. 'बी पेइंग'नं इच्छेचा काटा निघून जातो आणि उरते चौकशी. आपण 'संध्याकाळी गाडी लागणार आहे का?' विचारतो, 'गाडी देशील का?' टाळतो, ती ही सभ्यता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शिक्षकानं फळ्यावर तक्ता काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, आणि न झालं तर जबाबदार कोण? मुलांना मराठीत वाक्य बोलायला लावावं, लिहायला नव्हे, कारण लिहिताना ती 'ईन'कडे जातात आणि बोलताना 'तो'कडे. ईलाख्यात त्यांना माहीतच आहे. त्यावर इंग्रजीच्या तासाला बंदी नको. यानं सगळ्या चुका जातील असं नाही. पण जी निवड मूल रोज घरात दहा वेळा अचूक करतं, ती त्याला परकी आणि अवघड म्हणून शिकवणं तरी थांबेल.

त्या दिवशी मी पुन्हा कण्हलो. ती क्षणभर थांबली, ओठांतल्या ओठांत 'बोलावते हं' म्हणाली आणि मग मोठ्यानं म्हणाली, 'आय्ल कॉल द डॉक्टर.' 'हं'चं इंग्रजी काय, असं तिनं मला नंतर विचारलं. मला सांगता आलं नाही. पण तिच्या आवाजात ते होतं.